मडकीवाल्या देवीदासाने शोधलेली गळती

अमरावतीच्या तारघरात १८६४ साली सगळ्यात हेकट माणूस कोण, असं विचारलं असतं तर पट्टेवाल्यापासून साहेबापर्यंत सगळ्यांनी एकच नाव घेतलं असतं. देवीदास. पुढे तीस वर्षं वऱ्हाडात तारेची कुठेही खोड निघाली की 'देवीदासाला बोलवा' असं म्हणत, आणि तो आला की साहेब लोक खुर्ची सरकवून त्याला जागा करून देत. पण ते चांगले दिवस नंतरचे. मार्गशीर्षातल्या ज्या आठवड्यानं त्याला ते दिवस दाखवले, त्या आठवड्यात एक निरपराध शेतकरी अकोल्याच्या कोठडीत बसला होता, आणि त्याची सुटका देवीदासाच्या पाटीवरच्या एका आकड्यावर येऊन ठेपली होती.

देवीदास सांगवीचा. सांगवी म्हणजे अमरावतीहून अकोल्याकडे जाताना विसाव्या मैलावरचं गाव. घर माळ्याचं. वांगी, मेथी, मिरच्या आणि सणासुदीला झेंडू. बाप लवकर गेला, मळा आई पार्बताबाईनं ओढला. तारेचे खांब रोवायला सरकारची माणसं आली तेव्हा देवीदास त्यांना विहिरीचं पाणी पाजायला गेला आणि त्यांच्याबरोबर अमरावतीलाच निघून गेला. तिथं त्याला काम मिळालं मडकी सांभाळायचं.

ही मडकी म्हणजे तारेचा प्राण. एकेका भांड्यात तांब्याचा पत्रा, मोरचुदाचं निळं पाणी, मधे कच्च्या भाजणीचं झिरपणारं छोटं मडकं आणि त्यात जस्ताची कांडी. अशी वीस भांडी एकाला एक जोडली की तारेतून काहीतरी वाहायला लागे, आणि इथं खटका दाबला की साठ मैलांवर अकोल्यात टिकटिक होई. साहेब त्या भांड्याला सेल म्हणत. देवीदास मडकंच म्हणे. कुठल्या मडक्यात पाणी आटलं, कुठली कांडी झिजली, हे त्याला लांबून कळे. मळ्यातल्या माणसाचं लक्ष पाण्याकडं असायचंच.

आणि ते दिवस कसे होते! तिकडे अमेरिकेत लढाई जुंपलेली, तिथला कापूस बंद, आणि आपल्या वऱ्हाडच्या पांढऱ्या बोंडाला सगळी विलायत हात पसरून उभी. अमरावतीच्या कापूसबाजारात गाड्यांची रांग गावाबाहेरच्या नाल्यापर्यंत जाई. मुंबईचा भाव सकाळी तारेनं अकोल्याला येई, तिथून अमरावतीला, आणि तो आल्याशिवाय एकही गठाण हलत नसे. मोठमोठे शेठ तारघराच्या पायरीवर जोडे काढून बसत. ज्या पायरीवर माळ्याच्या पोराला कोणी उभं केलं नसतं, त्या पायरीच्या आत देवीदास मडकी भरत असे. त्याला या गोष्टीचा अभिमान होता, आणि का नसावा?

तारमास्तर वामनराव पुण्याकडचे. माणूस सरळ, शिकवायची भारी हौस, ऐकायला मात्र कोणी नाही. म्हणून त्यांनी देवीदासाला धरलं. एक दिवस त्यांनी पाटीवर लिहून दाखवलं की दाबाला प्रवाहानं भागलं की अडथळा निघतो.

"म्हणजे कसं, मास्तर?" देवीदासानं विचारलं.

वामनरावांनी इंग्रजी पुस्तकातली दोन वाक्यं म्हणून दाखवली. देवीदासानं खडू घेऊन पाटीवर पाटाची रेघ ओढली.

"थांबा. मोटेचं पानी थारोळ्यात पडते. थारोळं जितकं उंच, तितका पाण्याले जोर. हा तुमचा दाब. पाटातून पानी किती चाललं, तो तुमचा प्रवाह. अन् पाट लांब असन, अरुंद असन, तं पानी कमी चालते. तो अडथळा. असंच ना?"

"असंच," वामनराव म्हणाले, आणि त्यांना इतका आनंद झाला की त्यांनी त्या दिवशी त्याला आपल्या डब्यातलं थालीपीठ दिलं.

त्यानंतर देवीदासानं सुईच्या यंत्राचा नाद घेतला. तारेतून प्रवाह गेला की त्या यंत्रातली सुई वळे. किती वळली ते सांगणाऱ्या खुणा साहेबी होत्या, आणि त्या वापरून कोणी काही मोजत नसे. सुई हलली की झालं. देवीदासानं सुईखाली स्वतः कागदाची चकती चिकटवली. तारघरात मोजलेल्या अडथळ्याची वेटोळी होती, त्यांवर आकडे होते ओहमचे. वीस मडक्यांचा दाब हजार ओहमातून सोडला, सुई थांबली तिथं वीसची खूण केली. आठशेतून सोडला, तिथं पंचवीसची. असं करत करत पूर्ण चकती भरली. आता मडकी हजारानं गुणायची, सुईच्या खुणेनं भागायची, की समोरचा अडथळा ओहमात हातात. तारघरात दोन यंत्रं होती. त्यानं दोन्हींना चकत्या लावल्या. वामनराव बघत होते, हसत होते, पण अडवत नव्हते.

एका दुपारी त्यानं अख्खी तार मोजली. अकोल्याचं टोक जमिनीत सोडायला सांगितलं, सुई तेहतीसच्या थोडी वर थांबली, भागाकार सहाशेचा आला. तार साठ मैल. म्हणजे मैलाला दहा ओहम. हे त्यानं पाटीच्या मागच्या बाजूला लिहून ठेवलं.

मार्गशीर्ष लागला आणि तार बिघडली. बिघडली तीही मोठ्या तऱ्हेवाईकपणानं. पहाटेपासून मुकी. दहा वाजले की हळूहळू बोलायला लागे, दुपारी ठणठणीत, रात्रीपर्यंत ठीक, आणि दुसऱ्या दिवशी उजाडताना पुन्हा मुकी. म्हणजे नेमका भाव यायच्या वेळेला. बाजारात बोंब झाली. शेठ लोक पायरीवरून आत आले आणि साहेबाच्या टेबलावर हात आपटायला लागले.

साहेब तारखात्याचा तपासनीस, अमरावतीला तंबू ठोकून बसलेला. त्यानं दोन हुकूम काढले. पहिला, मडकी वीसची चाळीस करा, म्हणजे जोर वाढेल. दुसरा, तारेशी खेळणारा माणूस शोधा. माणूस शोधायला काही वेळ लागला नाही. पन्नासाव्या मैलाजवळ नत्थुजी नावाच्या शेतकऱ्याच्या काळ्या रानातून तार गेली होती. खांब रोवताना ऐन कपाशीत खड्डे पाडले म्हणून तो सरकारी माणसांशी कचाकचा भांडला होता. खांब उपटून टाकीन, असं चारचौघांत बोलला होता. तेवढं पुरलं. त्याला उचलून अकोल्याच्या कोठडीत टाकलं. तरीही तार मुकीच राहिली, तेव्हा साहेब म्हणाला, याचे साथीदार बाहेर असणार. येत्या शनिवारी त्याला हाकिमापुढं उभं करायचं, आणि साहेबाचा जबाब झाला की शिक्षा ठरलेली.

नत्थुजीची बायको गोदाबाई बैलगाडीनं अमरावतीला आली, कारण साहेब अमरावतीला होता. साहेब भेटेना. ती तारघराच्या पायरीवर बसली. शेठ लोकांना ओलांडून जावं लागे, त्यांनी कुरकुर केली, ती उठली नाही.

तिसऱ्या दिवशी ती देवीदासाला म्हणाली, "भाऊ, तुमी आतले दिसता. माह्या घरधन्यानं तोंडानं लय शिव्या देल्ल्या, खोटं कायले सांगू? पण तारेले हात नाई लावला. हे कोनाले सांगावं मी?"

देवीदास मडक्यांच्या खोलीत गेला. तिथं त्याला दुसरीच गोष्ट खात होती. जस्ताच्या कांड्या भराभर उडत होत्या. तो दर आठवड्याला झिजलेल्या कांड्या काढून तोलत असे, ही त्याची जुनी खोड. तार बिघडल्यावरच्या पहिल्या आठवड्यात, वीस मडकी होती तेव्हा, एक पाव जस्त गेलं होतं. चाळीस केली तर दुप्पट जावं, असं कोणीही म्हणेल. पण गेलं होतं शेरभर. चार पाव!

तो तिथंच जमिनीवर आकडे मांडायला बसला. मग त्याच्या डोक्यात उजेड पडला. दाब दुप्पट केला. वाट तीच, अडथळा तोच, म्हणून वाहणंही दुप्पट झालं. आणि खर्च होतो तो दाब आणि प्रवाह यांच्या गुणाकाराइतका. दोन दुणे चार. म्हणजे तारेला तोडलेलं नाही. तोडलं असतं तर वाहणं थांबलं असतं आणि जस्त वाचलं असतं. इथं पाट फुटलाय, पाणी कुठंतरी भलतीकडंच चाललंय, आणि साहेब थारोळं उंच करून आणखी पाणी फुकट घालवतोय.

त्यानं तराजू आणि कांड्या उचलल्या आणि थेट साहेबाच्या तंबूत गेला. पट्टेवाला अडवत होता तर त्यालाच त्यानं तराजू धरायला लावला. साहेबाची मराठी मोडकीतोडकी, म्हणून मागून वामनराव धावत आले, दुभाष्याचं काम करायला. देवीदासानं कांड्या तोलून दाखवल्या आणि दोन दुणे चार सांगितलं.

साहेब वाईट माणूस नव्हता. घाबरलेला होता, वरून रोज कागद येत होते. त्यानं तोलाकडं पाहिलं, मग देवीदासाकडं.

"गळती आहे म्हणतोस. साठ मैलांत कुठे?"

"मोजून सांगतो."

"किती दिवसांत?"

"एक सकाळ पुरे. पण दोन्ही टोकांवरून मोजा लागन."

साहेब हसला. वामनराव मात्र हसले नाहीत. ते म्हणाले, मी स्वतः दुसरं यंत्र घेऊन अकोल्याला जातो. शनिवारला पाच दिवस होते. साहेबानं मान हलवली, पण एक अट घातली. आकडा चुकला तर शनिवारी नत्थुजीविरुद्ध जबाब होईल, आणि मडकीवाल्याला पुन्हा यंत्राला हात लावू द्यायचा नाही.

युक्ती देवीदासाची होती, आणि ती अशी होती की आजही ऐकताना मजा वाटते. गळतीच्या जागेपर्यंत तार किती आहे ते ठाऊक नाही, आणि गळतीच्या तोंडाशी अडथळा किती तेही ठाऊक नाही. दोन अज्ञात. अमरावतीहून मोजलं तर इकडची तार अधिक गळतीचं तोंड, असा आकडा येणार. अकोल्याहून मोजलं तर तिकडची तार अधिक तेच तोंड. मोठ्यातून लहान वजा केलं की तोंड दोन्हीकडून उडून जातं. उरतो फक्त दोन्ही बाजूंच्या तारेतला फरक. आणि दोन्ही बाजू मिळून सहाशे, हे पाटीच्या मागं लिहिलेलंच होतं.

बुधवारी वामनराव अकोल्यात पोचले. दुपारी तार बोलत होती तेव्हा दोघांनी घड्याळं जुळवली. गुरुवारी पहाटे, बाहेर दहिवर इतकं पडलं होतं की पत्र्यावरून थेंब गळत होते, देवीदास सुईपुढं बसला. वीस मडकी, जास्त एकही नाही. सात वाजता अकोल्यानं आपलं टोक कशालाही न जोडता मोकळं ठेवलं. देवीदासानं दाब दिला. सुई वळली, थरथरली, थांबली. पंचवीस. दहा मिनिटांनी त्यानं आपलं टोक तसंच मोकळं केलं, आता तिकडे वामनराव मोजणार.

आणि मग वाट बघणं. तार मुकी, आकडा अकोल्यात. गोदाबाई पायरीवर, साहेब आत येरझाऱ्या घालतोय. सव्वादहाला यंत्र खडखडलं आणि अकोल्याहून एकच शब्द आला. वीस.

देवीदासानं पाटी घेतली. इकडून वीस हजाराला पंचवीसनं भागलं, आठशे. तिकडून वीस हजाराला विसानं भागलं, हजार. फरक दोनशे, म्हणजे अकोल्याकडची बाजू दोनशेनं जास्त. सहाशेतून दोनशे वजा, चारशे. त्याचे अर्धे, दोनशे. मैलाला दहा.

वीस मैल.

त्यानं पाटी पुसली आणि पुन्हा मांडलं. पुन्हा वीस. तिसऱ्यांदा मांडायची गरज नव्हती, तरी मांडलं. विसावा मैल म्हणजे सांगवी, आणि सांगवीला तार एकाच मळ्याच्या कडेनं जाते. त्याच्याच.

आणि आता त्याला सगळं लख्ख आठवलं. पोळ्याला तो घरी गेला होता. आई म्हणाली होती, वालाच्या वेलाला चढायला काही दे बाबा, सुतळी दोन महिन्यांत कुजते. खांब कडेलाच उभा. तारेचा एक टाकून दिलेला तुकडा घरात पडला होता. देवीदासानं तो खांबाच्या डोक्याशी, सरकारी तार ज्या चिनी मातीच्या वाटीवर बसवली होती तिच्या खाली, पक्का गुंडाळला आणि दुसरं टोक ओल्या वाफ्यातल्या खुंटीला. वर वीतभर टोक उरलं ते तसंच सोडलं, वेलाला पकडायला बरं म्हणून. इतका चांगला मांडव उभ्या गावात कुणाचा नव्हता. माळ्याच्या पोरानं मांडव पाहिला, तार पाहिलीच नाही. तारघरात तीन वर्षं काढलेल्या माणसाकडून ही चूक व्हावी! पण ती दुसऱ्या कोणाकडून झालीच नसती. दुसऱ्या कोणी वेलाचा एवढा विचारच केला नसता.

वेल चढला, त्या उरलेल्या टोकाला बिलगला. पहाटे दहिवरानं पानं जड झाली की टोक वाकून सरकारी तारेला टेकत असणार, आणि सगळा प्रवाह वाफ्यातल्या ओल्या मातीत जात असणार. ऊन चढलं, पानं वाळली, की टोक आपोआप वर. तारेची देखरेख करणारे खलाशी त्या खांबाखालून रोज जात होते. पण ते दुपारी जात, आणि पार्बताबाई त्यांना घरी न्यायला वालाच्या शेंगा देत असे. त्या खांबाबद्दल कुणाची तक्रार येणं शक्यच नव्हतं.

आतून साहेबानं हाक मारली. "आकडा?"

हा क्षण देवीदासाला आयुष्यभर पुरला. एक घोडं मागून घ्यायचं, संध्याकाळी सांगवी गाठायची, टोक कापायचं, वेल ओढून टाकायचा. उद्या तार चालली असती. कुणाला काही कळलं नसतं. साहेब म्हणाला असता, बघा, शनिवार जवळ आला तसे नत्थुजीचे साथीदार घाबरले आणि तार सुधारली. आणि शनिवारी नत्थुजी गेला असता. त्याला स्वतःची लाज वाटली, हा विचार इतका नीटनेटका डोक्यात आला याची. तो उठला.

"वीस मैल, साहेब. सांगवी. माहा मळा आहे तो."

साहेबाला वाटलं आपण चुकीचं ऐकलं. त्यानं पुन्हा विचारलं. देवीदासानं पुन्हा सांगितलं, आणि तारेचा तुकडा कोणी बांधला तेही. "पन मी एकटा जाऊन काढनार नाई. तुमी सोबत चाला. पहाटे डोळ्यानं पाहा, अन् मंग त्या मानसाले सोडा."

दुपारीच दोन दमण्या, म्हणजे हलक्या बैलगाड्या, निघाल्या. एकीत साहेब आणि यंत्राची पेटी, दुसरीत देवीदास, दहा मडकी आणि गोदाबाई. तिला काय झालंय ते देवीदासानं गावाबाहेर पडल्यावर सांगितलं.

"म्हंजे तुमच्या मायच्या वालापाई माहा मानूस आत हाये," ती म्हणाली.

"व्हय."

"अन् तुमाले हे सकाळी समजलं, अन् तुमी सांगून टाकलं."

"व्हय."

तिनं पदरातला चिवडा काढला आणि निम्मा त्याच्या हातावर ठेवला. रागावलेली होतीच. पण तो सकाळपासून उपाशी आहे हे तिला दिसत होतं.

सांगवीला पोचले तेव्हा दिवस बुडत होता. पार्बताबाईनं पाहुणे बघून चूल पेटवली, आधी काही विचारलं नाही. जेवणं झाल्यावर देवीदासानं सगळं सांगितलं. ती गोदाबाईपुढं जाऊन बसली.

"बाई, माह्यानं चूक झाली. वेल माहा, लालूच माही."

"तार म्या बांधली, माय," देवीदास म्हणाला.

"तू बांधली, पन मांगतली कोनं?" ती त्याच्यावरच खेकसली. मग साहेबाकडं वळली. साहेबाला तिचं बोलणं कितपत कळलं कोण जाणे. "पोराची नोकरी जाईन तं जाऊ दे. वावर आहे, वांगे लावीन. पन या बाईच्या लेकरायनं इचारलं, बाप कोठी गेला, तं मी काय सांगू?"

शुक्रवारी उजाडायच्या सुमाराला सगळे खांबाखाली उभे होते. वालाचा वेल खांबाच्या डोक्यापर्यंत हिरवागार, जांभळी फुलं, शेंगांचे घोस, आणि सगळं दहिवरानं चिंब. वर पाहिलं तर देवीदासानं सोडलेलं ते वीतभर टोक पानांच्या ओझ्यानं वाकून तारेवर नीट टेकलेलं होतं. बोट ठेवल्यासारखं. देवीदासानं यंत्र मांडलं, खाली खुंटीजवळची तार सुईतून घेतली. सांगून आल्याप्रमाणे अमरावतीहून दाब चालू होता. सुई वळून उभी राहिली. वाफ्यात जाणारा प्रवाह साहेबाला डोळ्यांनी दिसला.

"आता काप, माय," देवीदास म्हणाला.

शिडी लावली. पार्बताबाई पंचावन्नची, पण शिडीवर देवीदासाला चढू दिलं नाही. विळ्यानं तिनं तीन महिने वाढवलेला वेल डोक्यापासून सोडवला. एक-दोन वार, आणि ओला हिरवा भार धबकन खाली आला. टोक उसळून तारेपासून बाजूला झालं. सुई सरकत सरकत शून्यावर आली आणि तिथं राहिली.

साहेबानं टोपी काढली. का काढली ते त्यालाही सांगता आलं नसतं. मग त्यानं खिशातून कागद काढून गुडघ्यावर लिहायला घेतला, आणि मधेच विचारलं, गळतीचं कारण म्हणून कुणाचं नाव घालू?

"माहं," देवीदास म्हणाला. "देवीदास माळी, सांगवी. अन् कोनं शोधली तिथं बी तेच लिवा."

साहेब मोठ्यानं हसला आणि दोन्ही ठिकाणी तेच लिहिलं. पहिल्यासाठी पुढे पंधरा दिवसांचं बिनपगारी घरी बसणं आलं, दुसऱ्यासाठी तारेच्या तपासणीचं काम. पण ते नंतर. आता साहेबानं दुसरा कागद लिहिला, नत्थुजीला सोडण्याचा, आणि यंत्राच्या पेटीतला खटका बाहेर काढला. साहेबानं बोलावून घेतलेल्या खलाशानं शिडीवर चढून जोड तारेला लावला. साहेब खटक्यापुढं बसायला वाकला, आणि मग बाजूला झाला.

"तू पाठव."

मडकीवाल्यानं खटक्याला हात लावायचा नाही हा तारघराचा नियम. तीन वर्षं देवीदासानं टिकटिक कानानं ऐकली होती, प्रत्येक अक्षर त्याला पाठ होतं, बोटानं एकही वाजवलं नव्हतं. तो वाफ्याच्या बांधावर बसला. कागदावरचं इंग्रजी तो एकेक अक्षर करून वाचे. तसंच त्यानं पाठवलं, सावकाश, एकही न चुकता. त्याची छाती भरून आली होती आणि त्याला ते लपवायचंही नव्हतं. सूर्य नुकता वर येत होता. अठरा दिवस या वेळेला ही तार मुकी होती. खटका थांबला आणि लगेच अकोल्याहून उत्तर आलं. वामनराव जागे होते. समजलं, थांबा.

ते थांबले. पार्बताबाईनं पडलेल्या वेलाच्या शेंगा तोडून टोपलीत भरल्या, रिकामं बसायची तिला सवय नव्हती. गोदाबाईही तिच्या शेजारी बसून तोडू लागली. पाऊण तास गेला. पानांवर अजून दहिवर होतं.

यंत्र खडखडलं. देवीदास कान लावून एकेक अक्षर जुळवत होता आणि जुळवताना त्याचे ओठ हलत होते. गोदाबाई शेंगा ओच्यात तशाच धरून उभी राहिली.

"काय म्हनते, भाऊ?"

"मास्तर म्हनते, कोठडी उघडली. तुमचा मालक तारघराच्या दारात उभा आहे, अन् शिव्या देऊन भाकर मांगून राहिला."

गोदाबाई हसायला गेली आणि तिला रडू फुटलं. पार्बताबाईनं तिच्या हातातल्या शेंगा घेतल्या, सगळी टोपलीच दमणीत नेऊन ठेवली, आणि म्हणाली, "जाय लवकर. त्याले आपल्या हातानं करून घाल."